दुसरा ब्रेक

मास्तरांचा उजवा पाय मास्तरांच्या मालकीचा नव्हता, तो ब्रेकचा होता. सोफ्यावर बसलेले असताना बायकोने कपात चहा जरा जास्त ओतला, की मास्तरांचा पाय सतरंजीवर दाणकन आदळायचा. टीव्हीवर कुणी जिना घाईघाईने उतरू लागलं, की पुन्हा दाणकन. एकदा कुणाच्या तरी लग्नात फोटोग्राफर मागे मागे सरकत स्टेजच्या कडेला आला, तेव्हा मास्तरांनी समोर बसलेल्या काकूंच्या खुर्चीला असा काही ब्रेक मारला, की काकू अर्ध्या उठल्याच. फोटोग्राफर पडायचा तो पडलाच.

मास्तर गाडी शिकवायचे. शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटखालीही एक ब्रेक असतो. शिकणारा स्टिअरिंगशी झटापट करतो आणि शिकवणारा शेजारी बसून, वेळ आलीच तर, गाडी थांबवतो. मास्तरांच्या मते वेळ कायम आलेलीच असायची. लांब कुठेतरी कुत्रं दिसलं, ब्रेक. कुत्रं नाही दिसलं, पण दिसू शकलं असतं, तरी ब्रेक. आणि हे सगळं इतक्या हळुवारपणे, की शिकणाऱ्याला वाटावं, वा, काय वेळेवर थांबलो आपण!

खाली रस्त्याला लागून एक खोली, तिच्या भिंतीवर रस्त्यांवरच्या खुणांचा तक्ता, एक टेबल, कुरकुरणारा पंखा आणि बाहेर उभी पांढरी गाडी, एवढी मास्तरांची शाळा. वरच्या मजल्यावर घर. मास्तर सकाळी चहा पिऊन जिना उतरायचे ते दिवेलागणीलाच वर यायचे. गाडी एक, मास्तर एक. मास्तरांना सर्दी झाली, की अख्ख्या शाळेला सर्दी.

त्यांचा मेहुणा मात्र वेगळ्या मातीचा होता. त्याच्या तीन लाँड्र्या होत्या आणि तो तिन्हींपैकी एकीतही सापडायचा नाही. भर दुपारी इस्त्रीच्या कपड्यांत बहिणीकडे येऊन बसायचा आणि मास्तर जेवायला वर आले, की त्यांना धडे द्यायचा.

"भावोजी, राग मानू नका, पण तुमचा हा धंदाच नाही. तुम्ही नोकरी करताय. मालक तुम्हीच, नोकर तुम्हीच, आणि मालक असा खडूस की नोकराला एक दिवस रजा देत नाही. आता माझं बघा. मी आज सकाळपासून काय केलं?"

"काय केलंस?"

"दाढी."

मास्तरांचा घास घशातच अडकायचा. "तुझ्याकडे लोक चादरी घेऊन येतात रे. चादरीला काय कळतंय, कोण धुतंय ते. माझ्याकडे माणसं येतात, ती माझ्यासाठी येतात. आणि एकदा आली की परत परत येतात. बघायचंय? त्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना विचार."

दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणजे मास्तरांचं भूषण. त्यांना लायसन मिळून कैक वर्षं झाली होती. स्वतःची लाल गाडीही होती, ती घराखाली कापडाचं आच्छादन पांघरून झोपलेली असायची. तरी बाई दर आठवड्याला मास्तरांकडे यायच्या, "जरा हात साफ करायला." बाई एकट्याच नव्हत्या, असे पुष्कळ होते. लायसन पाकिटात ठेवून लोक पुन्हा शाळेत नाव घालायचे. दुसऱ्या कुठल्या शाळेत पोरं अशी परत येतात, असं मास्तर छाती फुगवून विचारायचे. त्यावर मेहुणा नुसता भुवया उडवायचा.

या दोघांच्या वादात मास्तरीणबाई पडत नसत. त्यांचं मागणं एकच होतं आणि ते फार जुनं होतं. डोंगरापलीकडे त्यांची थोरली बहीण, अक्का, एकटी राहायची. तिच्याकडे नवऱ्याला घेऊन आठ दिवस जायचं, भल्या सकाळी तिघांनी अंगणात बसून चहा प्यायचा आणि काहीही करायचं नाही. बस्स. मास्तर कधी नाही म्हणाले नाहीत. ते म्हणायचे, "पुढच्या महिन्यात." अक्काने पाहुण्यांच्या खोलीला दोनदा रंग दिला होता. हल्ली फोनवर तिचा आवाज थकलेला यायचा आणि ती "कधी येताय?" असं विचारायचीही बंद झाली होती. मास्तरीणबाईंना तेच जास्त लागलं होतं.

मग एके दिवशी मास्तरांच्या गुडघ्याने संप पुकारला. चढावर एका नवशिक्याची गाडी मागे घरंगळायला लागली, मास्तरांनी नेहमीसारखा ब्रेक दाबला आणि गुडघ्यात कट्कन आवाज झाला. हाडांच्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं आणि नंतर बजावलं, "चाला, फिरा. पण दिवसभर ते पेडल दाबणं आता विसरा."

"अहो, पण शाळा?"

"शाळेला गुडघा नसतो," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे वळले.

अशी व्हॅनताई आली. ही बाई कितीतरी वर्षं शाळेच्या मुलांची व्हॅन चालवत होती. शाळेने मोठ्या बस घेतल्या आणि व्हॅन बंद पडली. मास्तरीणबाईंनीच तिला शोधून काढलं. आडव्या हाडाची, कमी बोलणारी, खांद्याला कायम एक पिशवी. मास्तरांनी पाय स्टुलावर ठेवून तिला तासभर उपदेश केला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मास्तर, किल्ली?"

मास्तर खोलीच्या खिडकीशी बसून गाडी जाता-येता न्याहाळू लागले. पहिले काही दिवस बरे गेले. आणि मग एका सकाळी त्यांनी जे पाहिलं त्याने ते खिडकीतून अर्धे बाहेरच आले. गाडी समोरून चालली होती. एक टक्कल पडलेले गृहस्थ जीव मुठीत धरून ती चालवत होते. आणि शेजारी व्हॅनताई चपला काढून, सीटवर मस्तपैकी मांडी घालून, स्वेटर विणत बसली होती.

"अगं, ए! पाय! पाय खाली!" मास्तर खिडकीतून ओरडले. रस्त्यावरच्या चार लोकांनी आपापले पाय बघितले. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली.

ती परत आल्यावर मास्तरांनी तिला फैलावर घेतलं. ती शांतपणे लोकरीचा गुंडा आवरत म्हणाली, "सुरुवातीला माझे पाय खालीच असतात, मास्तर. ब्रेकवर. माणूस स्वतः थांबायला लागला की मी मांडी घालते. मी मांडी घातली की त्याला कळतं, आता आपलं आपण. मग तो बघायला लागतो."

"आणि नाही बघितलं तर?"

"कोपराशी हँडब्रेक आहे की. पण बघतात हो. पाय वर गेला की सगळे बघतात."

शाळेत हळूहळू तो रिवाजच होऊन गेला. तास संपवून येणारी माणसं खोलीत शिरतानाच सांगायची, "आज बाईंनी मांडी घातली!" जणू बाईंनी त्यांना पदक घातलं होतं. टक्कलवाल्या गृहस्थांनी तर बिस्किटं वाटली. मास्तरांनी एक घेतलं, पण ते त्यांना गोड लागलं नाही.

शेवटी न राहवून एक दिवस मास्तर काठी टेकत गेले आणि गाडीच्या मागच्या सीटवर बसले. म्हणे देखरेख करायची. एक कॉलेजातली मुलगी चालवत होती, व्हॅनताई शेजारी मांडी घालून. पुढे एक हातगाडी दिसली. मुलीला ती दिसली होती, तिने पाय उचललाही होता. पण तेवढ्यात मागून दाणकन आवाज आला. मुलगी इतकी दचकली की तिने भररस्त्यात गाडी जागच्या जागी उभी केली. मागच्या टेम्पोवाल्याने कशीबशी गाडी आवरली आणि खाली उतरून सगळ्यांचा उद्धार केला.

"आवाज कसला झाला?" मुलीने विचारलं.

"मास्तरांनी ब्रेक मारला," व्हॅनताई म्हणाली. मग मागे वळून, आवाज अजिबात न चढवता, "मास्तर, तुम्ही रिक्षाने जा. एका गाडीत दोघं मास्तर असले की शिकणाऱ्याने कुणाकडे बघायचं?"

स्वतःच्या गाडीतून! स्वतःच्या पगारी माणसाने! मास्तर रिक्षातून घरी आले ते धुमसतच. रिक्षात त्यांनी चौदा ठिकाणी ब्रेक मारला, त्याने रिक्षावालाही धुमसला.

"उद्याच तिला निरोप देतो," मास्तर बायकोला म्हणाले. "शाळा बुडवायला निघाली आहे. तुला माहीत आहे का, तिच्या हाताखालून गेलेला एकही माणूस परत आलेला नाही? एकही! डॉक्टरीणबाई तिच्याबरोबर पाच-सहा वेळा गेल्या आणि गुल झाल्या. वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक!"

मास्तरीणबाई कणीक मळत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही. "माझी एक अट आहे. आधी तिला मला शिकवू द्या."

मास्तरांना हसू आवरेना. त्याला कारण होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांनी स्वतः बायकोला गाडी शिकवायला घेतली होती. तिसऱ्या दिवशी बाई स्टिअरिंग सोडून खाली उतरल्या, गाडी चालू ठेवून, आणि चालत घरी गेल्या. त्यानंतर हा विषय घरात निघाला नव्हता.

"हसा. पण ऐका. मी परीक्षा पास झाले तर ताई राहील, शाळा ती बघेल आणि आपण आठ दिवस अक्काकडे. नापास झाले तर तिला काढा, तुमचा गुडघा तुम्हाला लखलाभ, आणि मी अक्काकडे जायचं नाव परत काढणार नाही. कधीच."

शेवटच्या शब्दाला त्यांचा आवाज जरासा कापला. मास्तरांना तो ऐकू आला, पण जिंकल्याच्या आनंदात त्यांनी तो कानाआड केला. "कबूल," ते म्हणाले.

मास्तरीणबाई रोज दुपारी शिकायला जाऊ लागल्या. परत येऊन एक अक्षर बोलायच्या नाहीत. मास्तर आडून आडून विचारायचे, "क्लच जड जातो का गं?" त्या म्हणायच्या, "भाजी काय करू?" एकदा त्या घरी आल्या आणि स्वयंपाकघरात चक्क गुणगुणायला लागल्या. मास्तरांनी ओळखलं. आज मांडी घातली गेली होती. त्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं खरं, पण ते उलटं होतं.

अशात एका सकाळी खोलीबाहेर हॉर्न वाजला. मास्तर खिडकीशी आले तर लाल गाडी. आच्छादन नसलेली. डॉक्टरीणबाई स्वतः चालवत आल्या होत्या आणि दोन रिक्षांच्या मधल्या जागेत गाडी घालून, आरशात केस नीट करून उतरल्या.

"मास्तर, पेढे नाही, दातांना वाईट. पण तोंड गोड करायला हवं असं काम झालंय. मी काल एकटी भावाकडे जाऊन आले. शहराबाहेर!"

"माझ्याकडे यायचं का सोडलंत?" मास्तरांनी विचारलंच.

बाई ओशाळल्या. मग खुर्ची ओढून बसल्या. दात काढायच्या आधी पेशंटशी बोलतात तसा आवाज त्यांनी लावला. "रागावू नका हं. पण इतकी वर्षं मला वाटायचं, मला गाडी येते. फक्त तुम्ही शेजारी असलात की येते. एकटी बसले की हातपाय गळायचे. मी म्हणायचे, आपलाच स्वभाव भित्रा. व्हॅनताईंबरोबर गेले तेव्हा कळलं की मी कधी गाडी थांबवलेलीच नाही. थांबायची ती तुम्ही थांबवायचात. मी नुसती बसायचे." आणि घाईघाईने, जखमेवर बोळा ठेवावा तशा, पुढे म्हणाल्या, "माझ्या नणंदेचं नाव घ्या. आणि तिच्या जावेचंही."

त्या गेल्यावर मास्तर बराच वेळ खुणांच्या तक्त्याकडे बघत बसले. त्यांना वाईट वाटलं, आणि थोडंथोडकं नाही. परत परत येणारी ती सगळी माणसं एकेक करून डोळ्यांपुढे आली. प्रेमाने येतात असं त्यांना वाटायचं. प्रेम नव्हतं असंही नाही. पण यायची ती घाबरून, आणि त्या भीतीला खतपाणी घातलं होतं ते मास्तरांच्या पायाने. मेहुण्याला हे कळता कामा नये, असंही त्यांना त्या दुःखात वाटून गेलं.

तरी पैज ती पैजच. परीक्षेच्या दिवशी मास्तर मैदानाच्या कडेला बाकावर बसले, शेजारी व्हॅनताई, हातात स्वेटरची बाही. मास्तरीणबाईंच्या शेजारी परीक्षा घेणारे साहेब जाऊन बसले. बाईंनी गाडी चढावर थांबवली, तसूभर मागे न जाता उचलली. रिव्हर्समध्ये खांबांच्या मधून अशी नेली, की मास्तर नकळत "वा!" म्हणाले. त्यांचा पाय मात्र बाकाखाली मातीत खड्डा करत होता. व्हॅनताईने त्या खड्ड्याकडे एकदा बघितलं आणि टाके मोजायला घेतले.

आणि मग गाडी मैदानाच्या मधोमध थांबली. आत काहीतरी बोलणं झालं. साहेब लालबुंद होऊन उतरले, कागदावर फराटा ओढला आणि निघून गेले. नापास.

"काय झालं गं?" मास्तरांनी काठी टेकत धाव घेतली.

"काही नाही. ते सारखा पाय आपटत होते. मी म्हटलं, साहेब, पाय वर घ्या, मला बघू द्या. त्यांना राग आला. म्हणाले, उद्धटपणा."

व्हॅनताईने तोंडावर बाही धरली. मास्तरांनाही हसू फुटणार होतं, पण बायकोच्या चेहऱ्याकडे बघून ते विरलं. मास्तरीणबाईंचे डोळे भरले होते. "हरले मी," त्या म्हणाल्या. "सांगा तिला काय ते. शब्द दिलाय मी."

मास्तर काठी टेकत गाडीकडे वळले. घरी तर जायला हवं होतं. व्हॅनताई आपणहून मागे बसली. मास्तरीणबाई स्टिअरिंगवर बसल्या, कारण मास्तरांना चालवायला मनाई होती. आणि मास्तर, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच, आपल्या जुन्या सीटवर बसले. खाली पेडल होतं. बुटाने ते आपोआप शोधलं.

बाजाराच्या रस्त्याला एक बस थांब्यावरून निघाली, ती कसलाही दिवा न दाखवता सरळ समोर घुसली. मास्तरांचा पाय उठला. पण तो गुडघा आता पूर्वीचा नव्हता, त्याला वेळ लागला. पाय पेडलवर जाऊन पोचला तेव्हा गाडी थांबलेली होती. मास्तरीणबाई आरशात मागचं बघत होत्या. बस गेली. त्यांनी दिवा दाखवला, गिअर टाकला आणि निघाल्या. त्यांना मास्तरांचा पाय दिसलाही नव्हता.

मास्तरांनी पाय पेडलवरून उचलला. मग कण्हत खाली वाकले आणि त्यांनी बूट काढायला घेतले.

"पाय दुखतोय का?" मास्तरीणबाईंनी रस्त्यावरून नजर न हटवता विचारलं.

"नाही."

डावा पाय सहज वर आला. उजवा येईना. मास्तरांनी दोन्ही हातांनी तो ओढला, गुडघा कुरकुरला, तोंडातून "आई गं" निघालं. मांडी काही जमली नाही, अर्धीमुर्धी झाली. उजवा पाय डाव्यावर कसाबसा तिरका टेकला. पण पेडलपासून तो लांब होता. मागे सुयांची टिकटिक थांबली.

"ताई," मास्तर समोर बघत म्हणाले, "उद्या सकाळचा पहिला तास कुणाचा आहे?"

"तुम्हाला कशाला हवंय?" व्हॅनताई म्हणाली.

"नकोच आहे. आठ दिवस आम्ही नाही आहोत. बसने चाललोय, डोंगरापलीकडे."

मास्तरीणबाईंनी ऐकलं. मग म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात का?"

"परवा."

सुया पुन्हा चालू झाल्या. गाडी पुढच्या वळणाला लागली. या रस्त्यावरून मास्तर हजारो वेळा गेले होते, पण त्यांना फक्त गाडीच्या नाकापुढचा रस्ता माहीत होता. आज पायाला काम नव्हतं, म्हणून त्यांनी मान वळवून खिडकीबाहेर बघितलं आणि ते चकित झाले.

"अगं, ही एवढी मोठी बाग कधी झाली इथे?"

"झाली त्याला बरीच वर्षं," मास्तरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी गाडीचा वेग कमी केला. "मी हळू घेते. बघून घ्या."